हेल्मेट नक्की घालायचं कुठं?

नवीन गाडी घेतली? अभिनंदन! हार घाला, पेढे वाटा, चाकाखाली लिंबू चिरडा, झालं सेफ्टीचं काम. सव्वा लाखाची गाडी घेतली म्हणून हेल्मेटला पण दोन हजार घालवायचे असं काही नसतं, रस्त्याकडेला दोरीला लटकवलेलं दोनशेवालं घ्या, आयएसआयचा स्टिकर त्यालाही असतो (नखानं निघतो, पण मामा कुठं नख लावून बघतायत).

आता ते घालायचं कुठं? काही लोक डोक्यात घालतात. खरी जागा कोपर. केस बसत नाहीत, घाम येत नाही आणि चौकात मामा दिसले की दोन सेकंदात वर चढवता येतं, फक्त पट्टा लावू नका, मामा मागं पडले की काढायला वेळ लागतो. दंडाचे हजार रुपये वाचले ना, मग अजून काय पाहिजे!

यू-टर्न अर्धा किलोमीटर पुढं असेल तर राँग साइडनं घाला, हेडलाइट लावला की चालतं सगळं. पोराला पुढं उभं करा, एअरबॅगचा खर्च वाचतो.

आणि हे सगळं वाया जात नाही बरं का. जागतिक आरोग्य संघटना सांगते की २०२१ मध्ये जगभरात रस्त्यावर ११ लाख ९० हजार माणसं गेली, त्यातली ९२ टक्के आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम देशांत, आणि या देशांत गाड्या किती तर जगातल्या साधारण ६० टक्केच. याला म्हणतात ॲव्हरेज! एकट्या भारतात २०२२ ला १ लाख ६८ हजार ४९१, म्हणजे रोजचे साडेचारशेच्या वर, आणि त्यात शंभरातले चव्वेचाळीस टू-व्हीलरवाले, म्हणजे आपलेच.

कुणी पडलेला दिसलाच तर गोल करून उभे रहा, व्हिडिओ काढा, कुणी उचलायला वाकला की "पोलीस केस होईल हां" म्हणून आठवण करून द्या. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घातलंय आणि मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही असं त्याच्या नियमांत लिहून ठेवलंय, ते उगाच कुणाला सांगत बसू नका.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी तर हेल्मेट आरशाला जे अडकवलं ते अडकवलंच, आतली प्लास्टिकची पिशवीपण काढली नव्हती. फेब्रुवारीत कोपऱ्यावर दूध आणायला गेले, "इथंच तर जायचंय" म्हणाले. गाडी अजून पार्किंगमध्येच आहे, कुणी हलवत नाही, हेल्मेटमध्ये पारव्यानं घरटं केलंय. दोन पिल्लं आहेत, एकदम सेफ.