नाव गॅनॉनडॉर्फ, हाती उसना ठोसा

परवा भाचा राहायला आला, सोबत त्याचा स्विच, म्हणजे निन्टेंडोचा गेम कन्सोल. 'स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' लावलं आणि कॅरेक्टर निवडायचा स्क्रीन उघडला. डीएलसी (वेगळी विकत घ्यायची जादा कॅरेक्टर) धरून ८९ जण. मारिओ, पॅकमॅन, सॉनिक, मेटल गिअरचा स्नेक, फायनल फँटसीचा सेफिरॉथ. लग्नाच्या हॉलमधला ग्रुप फोटोच जणू, मागच्या रांगेतल्यांची नुसती डोकी दिसतात. भाचा म्हणाला, "मामा, यापेक्षा भारी रोस्टर जगात नाही." मी म्हटलं, किती पानं वाढली यावरून स्वयंपाक कसा झालाय ते कळत नाही रे. तिथून जे पेटलं ते रात्री अकराला ताईने दोघांनाही झापून बंद केलं. माझं निम्मं बोलायचं राहून गेलं, ते इथे लिहितो.

क्रॉसओव्हर फायटिंग गेमवर, म्हणजे वेगवेगळ्या गेममधली कॅरेक्टर एकत्र येऊन लढतात त्यावर, सगळीकडे एकच चर्चा असते: कोण आला, कोण राहिला, कोणाचा चान्स हुकला. आला म्हणजे नेमकं काय झालं, हे कोणी विचारत नाही. माझी कसोटी साधी आहे. कॅरेक्टरला नखशिखांत काळा रंग फासा, आवाज बंद करा, आणि कंट्रोलर हातात घ्या. हाताला ओळख पटली तर पाहुणा आलाय. नाही पटली तर दारात त्याचं कटआउट उभं केलंय.

मेगा मॅन घ्या. २०१४ च्या स्मॅशमध्ये तो आला. बाकीचे पहिलं बटण दाबल्यावर ठोसा मारतात, हा गोळ्या झाडतो. चालता चालता, उडी मारताना, त्याच त्या फुसक्या पिवळ्या गोळ्या, ज्यांना लोक प्रेमाने लिंबं म्हणतात. एका दमात तीनच, अगदी जुन्या गेमसारख्या. आणि बाकीच्या मूव्ह्ज? मेटल मॅनचं चक्र, वुड मॅनची पानांची ढाल, क्रॅश मॅनचा चिकटणारा बॉम्ब. हरवलेल्या शत्रूचं शस्त्र उचलायचं हाच मेगा मॅनचा अख्खा गेम होता, आणि तो इथे एका कॅरेक्टरच्या अंगात भरलाय. काळा रंग फासा नाहीतर पोत्यात घाला, ओळखू येतोच.

आता गॅनॉनडॉर्फ. झेल्डाचा महाखलनायक. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये तो उजेडाचे गोळे फेकतो, नायक लिंक ते तलवारीने परत टोलवतो, तो पुन्हा टोलवतो. टेबल टेनिसच चाललेलं असतं दोघांचं. ज्याने तो गेम खेळलाय त्याला गॅनॉनडॉर्फ म्हटलं की हेच आठवतं. आणि स्मॅशमध्ये? २००१ च्या 'मेली'त तो आला तो कॅप्टन फाल्कनची संथ, जड नक्कल म्हणून. फाल्कनचा ठोसा, फाल्कनची लाथ, वर जांभळा धूर. स्मॅशचे निर्माते साकुराईंनी स्वतः सांगितलंय की हे क्लोन शेवटच्या टप्प्यात, हाताशी असलेल्या साहित्यातून उभे केले. वेळ कमी असेल, ते मी समजू शकतो. पण पुढच्या गेममध्ये हा बाबा समोरच्याला चिडवायला तलवार बाहेर काढायचा, आणि तिने मारायचा मात्र नाही! तलवारीचे वार मिळायला २०१८ उजाडलं. उजेडाचा गोळा अजून नाहीच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

इथे भाच्याने मला पकडलं. "मग फाल्कनचं काय? तो तर गाडी चालवतो." बरोबर आहे त्याचं. एफ-झिरो हा शर्यतीचा गेम, तिथे फाल्कनने कोणाला चापटसुद्धा मारली नव्हती. तो जगप्रसिद्ध ठोसा स्मॅशवाल्यांनी त्याला दिला, आणि आज फाल्कन त्या ठोशासाठीच ओळखला जातो. तेव्हा माझ्या कसोटीला एक पोटकलम जोडतो: ज्याच्या घरी काहीच नव्हतं त्याला यजमानाने कपडे शिवले तर चालतील. पण ज्याची पेटी भरलेली आहे त्याला शेजाऱ्याचा शर्ट घालू नका.

कसोटीवर साफ आपटलेला गेम म्हणजे २०१७ चा 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिट'. ३० कॅरेक्टर आणि एक्स-मेन एकही नाही. लोक चिडले, तेव्हा कॅपकॉमच्या एका माणसाने मुलाखतीत सांगितलं की कॅरेक्टर म्हणजे शेवटी फंक्शन असतात. तुम्हाला एक्स-मेनमधला मॅग्नेटो आवडायचा कारण त्याला आठही दिशांना डॅश (झटकन सरकणं) होता, तो आता नोव्हाला आहे, कॅप्टन मार्व्हललाही आहे, त्यांना घ्या. मी ते वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. तांत्रिकदृष्ट्या माणूस खोटं बोलत नव्हता. उपयोगी पडतो म्हणूनच कोणी कॅरेक्टर निवडतो हे निम्मं खरंच आहे. याच मालिकेतल्या २००० सालच्या 'मार्व्हल २'मध्ये ५६ जण होते, आणि स्पर्धांमध्ये चौघांचंच राज्य: मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनल, केबल. बाकीची बरीचशी खोगीरभरती. पण मॅग्नेटो हवेत हवा तिकडे सरकतो ते त्याच्यात लोहचुंबक आहे म्हणून. डॅश त्या माणसातून उगवलाय. तो उपटून दुसऱ्या कुंडीत लावला तर बटण तेच राहील, पण दाबताना अंगावर काटा येणार नाही. गंमत म्हणजे त्या गेमची लढाई मुळात चांगली होती, दोघादोघांची जोडी, हवं तेव्हा साथीदार बदलायचा. तरी पुढच्याच वर्षी इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य यादीतून तो गळला.

त्याच कॅपकॉमने २०११ मध्ये काय करून ठेवलं होतं बघा. 'अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३'मध्ये त्यांनी वकील आणला. फीनिक्स राइट. समोर हल्क उभा, आणि हा कोट-टाय घालून भर मारामारीत जमिनीवर पुरावे शोधतोय! पुरावा कामाचा नसेल तर टाकायचा, नवा शोधायचा. तीन चांगले जमले की कोर्टात उभं राहायचं, 'ऑब्जेक्शन' नेमका लागला पाहिजे, आणि लागला की खटला उलटतो. तोवर तुम्ही मार खाताय. कॅरेक्टर म्हणून कमजोर, मूव्ह डिझाइन म्हणून माझ्या मते त्या अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात धीट. तिथेच फ्रँक वेस्ट आहे, डेड रायझिंगचा फोटोग्राफर. कॉम्बो (सलग वारांची साखळी) मारायचा आणि शेवटी समोरच्याचा फोटो काढायचा. कॉम्बो जितका लांब तितका फोटो भारी, आणि फोटोंवर त्याची लेव्हल वाढते. भाच्याने यातलं काहीच खेळलेलं नाही. मी नुसतं सांगितलं तरी हसून हसून लोळत होता.

आता जरा मागे जातो. आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, पत्र्याचं, आत काळोख आणि घामाचा वास. एका मशीनवर 'मुस्तफा' (ज्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' आहे हे आम्हाला कॉलेजात कळलं), दुसऱ्यावर केओएफ ९७, म्हणजे 'किंग ऑफ फायटर्स'. मोठी पोरं मूव्ह कशी मारायची ते सांगायची नाहीत. त्यांच्या मनगटाकडे चोरून बघायचं, घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर बाण काढायचे. त्यातल्या टेरीचा पॉवर गायझर मला असा मिळाला: खाली, मागे, आणि तिथूनच सरळ पुढे, सोबत ठोसा. जमिनीतून निळा लोळ उठायचा आणि शेजारी उभी असलेली पोरं ओरडायची.

केओएफ हा क्रॉसओव्हर आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता. टेरी १९९१ च्या 'फेटल फ्युरी'तला, राल्फ आणि क्लार्क १९८६ च्या 'इकारी वॉरियर्स'मधले, अथेना 'सायको सोल्जर'मधली, हे सगळं फार नंतर कळलं. आमच्यासाठी ते सगळे एकाच गावचे. पण तरी कळायचं. राल्फ-क्लार्क एका पलटणीतले आहेत, चांग साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरागरा फिरवतो तेव्हा त्याला तुरुंगातून आणलंय, हे कोणी न सांगता दहा वर्षांच्या पोराला उमगायचं. म्हणजे कसोटी दोन्ही बाजूंनी लागू पडते. जुन्याला ओळख पटवते, नव्याला ओळख करून देते.

२०१९ मध्ये टेरी स्मॅशमध्ये आला. भाच्याने परवा मला तोच दिला. स्मॅशमध्ये अंगावरचा डॅमेज १०० टक्क्यांच्या वर गेला की टेरीचे सुपर, म्हणजे खास जबर मूव्ह, उघडतात. जुन्या गेममध्ये लाइफ लाल होऊन लुकलुकायला लागली की उघडायचे, तसेच. मी मार खाऊन शंभरी पार केली (त्यात कौशल्य काही लागलं नाही). आणि अंगठा आपोआप गेला. खाली, मागे, तिथूनच पुढे. लोळ उठला. वीस-बावीस वर्षं झाली असतील, ती वही रद्दीत गेली, पार्लरच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान आलं. अंगठ्याला बाकी सगळं पाठ होतं. भाचा ओरडला, "मामा, हे कसं केलंस?" मी उत्तर दिलं नाही. मोठी पोरं सांगत नसतात.

प्रामाणिकपणाची किंमत पडते हेही कबूल करायला हवं. माइनक्राफ्टचा स्टीव्ह स्मॅशमध्ये जमीन खणतो, विटा रचतो, अवजारं बनवतो, ती वापरून मोडतात. त्याच्या विटा बसाव्यात म्हणून जुन्या सगळ्या स्टेजवर परत काम करावं लागलं होतं. डिझाइन अफाट. पण समोर खेळणाऱ्याचा इतका छळ की काही स्पर्धांनी त्याच्यावर बंदीच घातली. ड्रॅगन क्वेस्टच्या हिरोचंही तसंच: लढाईच्या मध्यात मंत्रांचा मेनू उघडतो, त्यात काय येईल ते नशिबावर. मूळ गेमशी शंभर टक्के इमान, आणि हरणाऱ्याचं डोकं फिरणार हेही शंभर टक्के. मला चालतं. बेचव भात वाढण्यापेक्षा ठसका लागलेला बरा.

मला खरी अडचण केली ती रोनाल्डोने. हो, फुटबॉलवाला. एप्रिल २०२५ मध्ये 'फेटल फ्युरी: सिटी ऑफ द वुल्व्ह्ज' आला, टेरीचा स्वतःचा गेम, मालिकेतला २६ वर्षांनंतरचा पहिला नवा भाग, आणि त्यात क्रिस्तियानो रोनाल्डो! हा गेम बनवणाऱ्या एसएनकेची मालकी सौदीच्या मिस्क फाउंडेशनकडे, रोनाल्डो खेळतो सौदीच्या अल नस्रकडून. पुढचं तुम्ही समजून घ्या. संतापून व्हिडिओ बघायला बसलो. तर हा बॉल घेऊन लढतो. बॉल लाथाडतो, बॉलवरूनच सगळं. काळा रंग फासला तरी लहान पोरसुद्धा ओळखेल. माझ्याच कसोटीला पूर्ण मार्क! असा जळफळाट झाला म्हणून सांगू. आमच्या गॅनॉनडॉर्फला वीस वर्षांत एक उजेडाचा गोळा मिळाला नाही, आणि ह्याला पहिल्या दिवशी बॉल.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणे, "मग मान्य कर ना, तो चांगला डिझाइन केलाय." डिझाइन चांगलंय. बोलावलं कोणी, हा प्रश्न वेगळा. एवढं बोलून मी विषय बदलला.

शेवटची मॅच ताई दारात उभी असताना झाली. भाच्याने लिटल मॅक घेतला, 'पंच-आउट'चा बॉक्सर. हाही पक्का इमानदार: जमिनीवर वाघ, हवेत काहीच नाही, कारण बॉक्सर रिंगमध्ये उडत नाही. पोराने मला दोनदा धुतला. तिसऱ्यांदा मी कडेला जाऊन उभा राहिलो, तो धावत आला, मी बाजूला झालो. गेला खाली. परत वर येण्यासाठी त्याने काय वाट्टेल ती बटणं दाबली, पण मॅकच तो, काठापर्यंतही पोचला नाही.

"चीटिंग आहे ही," भाचा म्हणाला. ताईने टीव्हीचा स्विच बंद केला.