म्यूटचं तोंड कोण धरणार?

ट्रम्पेटचं तोंड बंद करायला म्यूट असतो, म्हणजे भोंग्यात बसवायची, आवाज दाबणारी वस्तू. म्यूटचं तोंड बंद करायला मात्र काहीच नसतं. हे मला कळलं ते व्हायोलिनवाले इतकं हळू वाजवत होते की श्वास सोडायचीही चोरी, तेव्हा. माझ्या मांडीवरचा ॲल्युमिनियमचा स्ट्रेट म्यूट नेमका त्याच क्षणी लाकडी स्टेजवर पडला. पडून गप्प राहिला असता तर एक वेळ माफ केलं असतं. पण तो पडला शंकूच्या आकाराचा, आणि शंकू सरळ घरंगळत नाही, गोल फिरतो. ट्रॉम्बोनवाल्याच्या बुटाला प्रदक्षिणा घालून स्वारी परत माझ्याच पायाशी!

बरं, म्यूट एक असता तर सांभाळला असता. स्ट्रेट, कप, हार्मन, शिवाय प्लंजर, म्हणजे तुंबलेल्या बेसिनवर मारतात तीच रबरी वाटी, दांडा काढलेली. रबर असल्यामुळे पडली तरी ती ब्र काढत नाही. माझ्या अख्ख्या संसारात तेवढीच एक समंजस. हॉर्नवाल्यांच्या म्यूटला दोरी असते, मनगटात अडकवली की झालं. ट्युबावाल्याचा म्यूट तर कडेवर घ्यावा एवढा. तो पडला तर काय होईल हा विचार मी करत नाही.

नोटेशनवर ‘कॉन सॉर्दिनो’, म्हणजे ‘म्यूट लावून’, असं दिसलं की हाताशी जेमतेम दोन बार, म्हणजे काही सेकंद असतात. तेवढ्यात वाकायचं, म्यूट उचलायचा, म्यूटवरचं बूच घट्ट बसावं म्हणून भोंग्यात ‘हाऽ’ करून वाफ सोडायची, म्यूट जरासा पिळून बसवायचा. शिवाय म्यूटनं सूर चढतो, म्हणून स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, किंचित बाहेर. आणि हे सगळं करताना चेहरा असा, की आपण काहीच करत नाही.

शेवटी मी स्टँडला ट्रे लावला आणि आत जुना लोकरी मोजा अंथरला. पुढच्या कार्यक्रमात म्यूट इतका बिनआवाज उचलला गेला की माझा मलाच अभिमान वाटला. सोलोही वाजवला. आवाज जरा दबका वाटला, पण म्हटलं, हॉलचा गुण असेल.

मध्यंतरात कंडक्टर मुद्दाम जवळ आले. “फार मऊ आवाज होता हो. कुठला म्यूट?”

मी भोंग्याकडे पाहिलं. बुचाच्या फटीतून मोज्याची टाच डोकावत होती.