सगळेच गायकवाड राजवाड्यातले नव्हेत

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गायकवाड मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: ‘दादासाहेब, ऋतुराज आणि रजनीकांत, तिघेही बडोद्याच्या राजघराण्यातले.’ नाही हो!

दादासाहेब गायकवाड नाशिक जिल्ह्यातले, बाबासाहेबांचे सहकारी, 1930च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले पुढारी. घोटाळा कुठून झाला असावा, ते कळतं. तिसरे सयाजीरावही मूळचे नाशिक जिल्ह्यातल्याच कवळाण्याचे, 1875 साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसले. शिवाय बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती होती. पण जिल्हा एक म्हणजे घर एक नव्हे. क्रिकेटपटू ऋतुराज पुण्याचा. रजनीकांत म्हणजे बंगळुरूच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, चित्रपटांआधी बस कंडक्टर.

क्रिकेटमध्ये मात्र गंमत आहे. 1959च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार होते बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड आणि व्यवस्थापक महाराज फत्तेसिंगराव गायकवाड. त्या जुन्या बातम्या वाचताना ‘गायकवाड म्हणाले’ म्हणजे नक्की कोण, हे दोनदा तपासावं लागतं. नंतरचे कसोटीपटू अंशुमन हे दत्ताजीरावांचे चिरंजीव, महाराजांचे नव्हेत.

इंग्रजी स्पेलिंगवरून घराणं ओळखण्याची युक्तीही त्याच मजकुरात आहे. माझंच गायकवाड आडनाव बघा: विजेच्या बिलावर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं. दूधवाला रोज ‘महाराज’ म्हणतो, पण उधारी एका दिवसाचीही ठेवत नाही.