कचरा आला असंल

थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेल्या शाळकरी पोरानं दोरी बांधून आपली बोट काठाला ओढत आणावी, आणि त्या बोटीला मागं १५ अश्वशक्तीची मोटर लटकलेली असावी, याला अपमान म्हणायचं की जलविहार, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पोरानं वर दहा रुपये मागितले. दिले.

नाथसागराच्या काठावर एक मामा मोटारसायकलला टेकून हा सोहळा बघत होते.

"बंद पडली का?"

"नाही मामा, दमलीय."

"कचरा आला असंल."

आमच्या मराठवाड्यात यंत्र कुठलंही असो, पिठाची गिरणी असो की विमान, निदान हेच. उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, त्यामुळं बोटीची सवय कुणाला नाही. सल्ल्याची आहे.

टाकीतून मोटरकडं जाणाऱ्या नळीत मध्येच एक रबरी बल्ब असतो, डॉक्टरच्या बीपीच्या फुग्यासारखा. त्यावरचा बाण मोटरच्या दिशेनं हवा. बाणाचं टोक वर धरून दाबत राहायचं. पेट्रोल भरलं की बल्ब टणक लागतो. दाबल्यावर चपटाच राहिला, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. कितीही दाबून टणकच होईना, तर कुठंतरी हवा ओढतोय, आणि ते 'कुठंतरी' म्हणजे बहुतेक वेळा नळी जोडायच्या कनेक्टरमधली ओ-रिंग, रबरी कडं. हा झाला टणक.

"हवा भरायले का?"

"पेट्रोल चढवतोय."

"तोंडानं ओढा की. आमी टाकीतून नळी लावून तसंच काढतो."

"इथं नाही जमत तसं."

"मंग आडवी करा."

"काय आडवी करा?"

"बोट! पेट्रोल येईना तर स्कूटर कशी एका अंगावर झोपवायची, तशी."

"मामा, बोट झोपवली तर बुडंल."

मामांनी विचार केला. "मंग थोडीच झोपवा."

चोक ओढून दोरीला हिसका दिला. मोटर लागली, खोकली, बंद. मोटर चालू असताना बल्ब दाबत राहिलं की ती तग धरते आणि सोडला की मरते, असं झालं तर बहुतेक इंधन-पंपातला पडदा फाटलाय असं समजावं. इथं मी दाबत होतो तरी ती मरतच होती. म्हणजे पंप निर्दोष. तोवर काठावर आणखी चौघं जमले होते आणि मामांची पत्रकार परिषद सुरू होती. "आडवी करा म्हणलं तर साहेब ऐकंनात." चौघांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. शिकलेल्या माणसाकडं बघतात तसं.

पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीच्या बुडाला एक ड्रेनचा स्क्रू असतो. तो सैल केला आणि बिसलेरीच्या बाटलीचा तळ कापून खाली धरला. वर पेट्रोल, खाली स्वच्छ पाण्याचा थर.

माझं डोकं फिरलं ते इथं. बोटीच्या मालकानं दिलेला पेट्रोलचा कॅन दिवाळीपासून पडून होता. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि एका मर्यादेपलीकडं पाण्यासकट फुटून तळाशी बसतं. टाकीतली नळी ओढते नेमकी तळातूनच. शिवाय जुनं रबर फुगवतं ते वेगळंच. आणि हे इथेनॉल येतं कशातून? उसातून. मक्यातूनही येतं, पण रागाच्या भरात ऊसच आठवतो. ऊस कुणाच्या पाण्यावर? याच जायकवाडीच्या. म्हणजे धरणाचं पाणी कालव्यानं फडात, फडातून कारखान्यात, कारखान्यातून पेट्रोलमध्ये, आणि तिथून ओल धरून परत नाथसागरावर, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या माझ्या जेटच्या बारीक भोकात! संभाजीनगरच्या नळाला रोज यायला जे पाणी आढेवेढे घेतं, ते कार्बोरेटरमध्ये मात्र न बोलावता हजर. पाणी वेगळं करणारा फिल्टर नळीत बसवला असता तर हे सगळं टळलं असतं. पण मालक फिल्टरला खर्च म्हणतो आणि सीटच्या नव्या रेक्झिनला गुंतवणूक.

टाकी उपसली, वाटी पुसली, जेट काढून फुंकला, नळीतलंही जुनं पेट्रोल बल्ब दाबून बाहेर काढलं. या मोटरला पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं प्रमाण ५० ला १, म्हणजे ५ लिटर ताज्या पेट्रोलला १०० मिली टू-स्ट्रोक तेल, तेही बोटीच्या मोटरचं. स्कूटरचं घालू नये, मामा काहीही म्हणोत. मोटर लागली आणि लागलेलीच राहिली.

"बगा," मामा चौघांना म्हणाले, "कचराच होता. पाण्याचा."

टाकीतून उपसलेल्या पेट्रोलचा कॅन मी बाजूला सरकवला.

"ते फेकू नका. वरचं वरचं मला द्या."

"मामा, पाणी आहे त्यात. तेलही आहे."

"चालतंय हो."

त्यांनी अलगद वरचं ओतून घेतलं, खालचं मला परत दिलं आणि किक मारली. पहिल्या किकला लागली. धूर तेवढा निळा निघाला.