मरॉडरचे पंख आणि उतरलेली बॅटरी

भांडणाला निमित्त झालं शेपटीवर बसलेलं एक विमान.

निखिलने तीन महिने खपून बी-२६ मरॉडरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या एका अमेरिकी बॉम्बरचं, प्लॅस्टिकचं मॉडेल जोडलं. रविवारी सकाळी कट्ट्यावर आणून सिमेंटच्या बाकावर ठेवलं, तर त्याने नाक वर केलं आणि शेपूट टेकली. नाकात वजन भरायचं राहून गेलं होतं.

"जमिनीवर धड उभं राहत नाही, आणि म्हणे बॉम्बर!" सुहास. त्याचं दैवत बी-२५ मिचेल, त्याच काळातला दुसरा अमेरिकी बॉम्बर. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी वैमानिक डूलिटलने हॉर्नेट जहाजावरून सोळा विमानं उडवून जपानवर नेली ती मिचेल, हे तो दर दहा मिनिटांनी ऐकवतो. "तेव्हा मरॉडरचाही विचार झाला होता. पण त्याला धावायला लागते तेवढी जागा जहाजावर कुठून आणणार?"

"खऱ्या विमानाचं उलट होतं रे," निखिल म्हणाला. "पाठीवरचा बंदुकांचा घुमट सुरुवातीला तयारच नव्हता. समतोल मात्र त्याचं वजन धरून काढलेला. त्यामुळे नाक जड झालं आणि पुढच्या चाकाचे दांडे मोडायला लागले."

"मग अर्धवट विमान द्यायची घाई कशाला?"

घाईच होती. मार्च १९३९ मध्ये अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाने मध्यम बॉम्बरसाठी प्रस्ताव मागवले. बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन कंपनीत पेटन मॅग्रूडरच्या हाताखाली आराखडा तयार झाला आणि त्याच वर्षी तो पाहूनच २०१ विमानांची ऑर्डर निघाली. आधी एक नमुना बनवून उडवून बघू, ही भानगडच नाही. २५ नोव्हेंबर १९४० ला जे पहिल्यांदा उडालं, ते थेट ऑर्डरमधलं पहिलं विमान.

"म्हणजे नकाशा बघून फ्लॅट बुक केला," सुहास म्हणाला. "ताबा घेतल्यावर कळलं, बाल्कनी नाही."

बाल्कनी म्हणजे पंख. वेगासाठी मुद्दाम आखूड ठेवलेले, टोकापासून टोकापर्यंत ६५ फूट. आखूड पंखांवर जड धूड तरंगवायचं तर वेग सोडून चालत नाही, त्यामुळे मरॉडर धावपट्टीवर टेकायचं तेच ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. फ्लोरिडात टँपाजवळच्या मॅकडिल तळावर नवशिकी पोरं ते शिकत होती. अपघात इतके झाले की 'टँपाच्या खाडीत रोज एक' अशी म्हणच पडली. विमानाला 'विडोमेकर', म्हणजे बायकांना विधवा करणारं, म्हणायला लागले. आणखी एक नाव होतं, ते कट्ट्यावर चालतं, इथे लिहिता येत नाही.

उत्तमकाका इतका वेळ गप्प होते. चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस. "इंजिन दगा द्यायचं की पुढचा पंखा, प्रोपेलर?"

"पंखासुद्धा, काका. पात्यांचा कोन विजेवर बदलायचा."

"वीज कुठली?"

"बॅटरीची. जमिनीवर काम करताना बाहेरून वीज जोडायची, पण ते टाळून विमानाचीच बॅटरी वापरायचे. मग उड्डाणाच्या वेळी पात्यांचा कोन आवरायचा नाही आणि पंखा सुसाट सुटायचा."

काकांनी कपाळाला हात लावला. "दिवसभर सेल्फ मारून बॅटरी उतरवायची आणि निघताना म्हणायचं, गाडीत दम नाही!"

"तेच सांगतोय मी," निखिल म्हणाला. "विमान चांगलंच होतं. मेकॅनिक कच्चे, वैमानिक कच्चे."

हे मला खटकलं. मेलेल्या पोरांवर खापर फोडणं सोपं असतं. सुहासनेही तिथेच धरलं. "युद्धात कच्चीच पोरं येणार. उस्तादालाच जमेल ते यंत्र काय कामाचं? सिनेटर ट्रूमनच्या चौकशी समितीने खुद्द मार्टिनला विचारलं होतं, पंख वाढवत का नाही. तो म्हणाला, आता काम फार पुढे गेलंय, करारही झालाय. ट्रूमन म्हणाला, करार रद्द करू. लगेच पंख वाढले!"

"वाढले ना, ७१ फूट झाले. पण सोबत विमानाचं वजनही वाढलं, म्हणजे पंखावरचा भार जवळजवळ तेवढाच राहिला. फरक पडला तो शिकवण्यातून. एक इंजिन बंद करूनही हे नीट उडतं, हे पोरांना उडवून दाखवायला कोण गेलं माहितीये? तुझा डूलिटल."

सुहास पहिल्यांदाच चहाकडे वळला.

पण निखिललाही इयमाउडन टाळता आलं नाही. हॉलंडच्या किनाऱ्यावरचं वीजकेंद्र. १४ मे १९४३ ला मरॉडरनी ते अगदी खालून उडत जाऊन गाठलं. विमानं भोकं पडून परतली आणि वीजकेंद्र शाबूत राहिलं. तीनच दिवसांनी पुन्हा तेच लक्ष्य, जोडीला हार्लेमचं वीजकेंद्र, पुन्हा तसंच खालून. अकरा विमानं निघाली. एक बिघाड झाला म्हणून अर्ध्यातून वळलं. उरलेल्या दहांपैकी एकही परत आलं नाही.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

"यात पंखांचा काय दोष?" निखिल हळू आवाजात म्हणाला. "पुढे हीच विमानं दहा-बारा हजार फुटांवरून, लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात पाठवली, तर शंभर फेऱ्यांमागे एकसुद्धा पडेना. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरलं, त्या दिवशी मात्र ढगांमुळे ती पुन्हा खाली आली आणि तिथला 'युटा' नावाचा किनारा भाजून काढला. 'फ्लॅक बेट' नावाच्या एकाने दोनशेहून जास्त मोहिमा केल्या. अंगावर हजारावर भोकं. अमेरिकेत अजून जपून ठेवलंय."

"हजार भोकं पाडून घेतली, हे कौतुक?" सुहास.

"मोजायला परत आलं, हे कौतुक."

काका उठले, स्कूटरच्या डिकीतून बेअरिंगचे जुने छर्रे घेऊन आले. मॉडेलच्या नाकावरची काच अजून चिकटवलेली नव्हती. ती काढून त्यांनी सहा छर्रे आत सारले आणि काच परत दाबून बसवली. विमान ऐटीत तीन चाकांवर उभं राहिलं. मग 'कट्' असा बारीक आवाज आला आणि नाक बाकाला टेकलं.

पुढच्या चाकाचा दांडा.

"आता झालं अस्सल," सुहास म्हणाला.