अपरिहार्य कारणास्तव

सर, सर्वप्रथम अभिनंदन. प्राचार्यपदाच्या खुर्चीत बसून महिना झाला नाही, तोच वाङ्मय मंडळाची पोरं वादग्रस्त पाहुण्याचं नाव घेऊन केबिनबाहेर उभी राहिली. घाबरू नका, होकार देऊन टाका. व्याख्यान ठरवणं कुणालाही जमतं. कसब लागतं ते रद्द करायला.

फ्लेक्स लावा, शाल-श्रीफळ मागवा आणि फोनची वाट बघा. फोन येतोच. पलीकडचा माणूस फार आदबीने बोलतो. "सर, आम्हाला काही अडचण नाही हो, पण पोरांच्या भावना तीव्र आहेत. उद्या काही झालं तर कॉलेजचंच नाव खराब होईल." तुम्ही "बघतो" म्हणा. बघायचं काहीच नसतं.

आता सूचना काढा. पाहुण्याचे विचार पटत नाहीत असं चुकूनही लिहू नका, त्यावर वाद घालता येतो. 'अपरिहार्य कारणास्तव' लिहा. या दोन शब्दांचा खुलासा आजवर कुणी मागितलेला नाही. 'सभागृहाची दुरुस्ती' हेही चालतं, पण मग दाराशी निदान एक शिडी उभी करा. माझ्या माहितीतल्या एका कॉलेजात गुरुवारी दुरुस्तीमुळे व्याख्यान रद्द झालं आणि शुक्रवारी त्याच सभागृहात फॅशन शो झाला. मोठी माणसंही हीच वाट धरतात. २०१८ साली अभाविप या विद्यार्थी संघटनेच्या विरोधानंतर इतिहासकार रामचंद्र गुहा अहमदाबाद विद्यापीठात शिकवायला रुजू झाले नाहीत. परिस्थिती आपल्या हाताबाहेरची आहे, एवढंच त्यांनी कळवलं. परिस्थिती कुणाच्या हातात होती, हे सगळ्यांना कळलं.

निषेधाचं आणि समर्थनाचं पत्र एकदाच टाइप करून ठेवा, नावाची जागा तेवढी मोकळी सोडा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या व्हार्टन या बिझनेस स्कूलच्या परिषदेत नरेंद्र मोदींचं व्हिडिओवरून होणारं भाषण प्राध्यापकांच्या पत्रानंतर रद्द झालं. आपल्या सुरेश प्रभूंनी निषेध म्हणून तिथे जायचं टाळलं. त्या आठवड्यात ज्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कंठ फुटला होता, त्यांतल्या बहुतेकांचा गुहांच्या वेळी घसा बसला. आणि व्हार्टनच्या वेळी ज्यांचा बसला होता, त्यांचा एकदम मोकळा झाला. हवामान, दुसरं काय.

एखादा तरुण प्राध्यापक म्हणेल, "बोलू द्या की, बंदोबस्त लावू." त्याला फ्लोरिडा विद्यापीठाचं बिल दाखवा. २०१७ मध्ये रिचर्ड स्पेन्सर हा गोरेवर्चस्ववादी तिथे बोलायला आला. भाडं साडेदहा हजार डॉलरच्या आसपास आणि सुरक्षेचा अंदाज सहा लाख डॉलर. विरोध करणाऱ्या गर्दीचा खर्च वक्त्याच्या माथी मारता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच सांगून ठेवलेलं, म्हणून भुर्दंड विद्यापीठाला. गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली ती वेगळीच. शेवटी भाषण काय झालं? तो बोलत राहिला, सभागृह ओरडत राहिलं. तेवढ्या पैशात आपल्या तासिका तत्त्वावरच्या मास्तरांचं थकलेलं मानधन निघालं असतं. अर्थात ते देण्याचा विचार तेव्हाही कुणी केला नसता.

"मग ऑनलाइन घेऊ" हाही शहाणपणा नको. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं, आदिवासींसाठी काम करणाऱ्या आणि कोठडीत असताना वारलेल्या फादर स्टॅन स्वामींच्या स्मृतीचं व्याख्यान ऑनलाइनच होणार होतं, विषय पोटासाठी होणारं स्थलांतर. अभाविपने विरोध केला आणि तेही रद्द झालं. पडद्यावर दगड पोचत नाही, पत्र पोचतं.

धोका एकच आहे, आणि त्यावर मला अजून उतारा सापडलेला नाही. २०१९ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनात उद्घाटक, इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. मांडवात त्यांचं भाषण लोकांनी जांभया देत, जेवणाच्या रांगेकडे डोळा ठेवून ऐकलं असतं. न झाल्यामुळे ते छापून आलं, मराठीत आलं, मोबाइलवरून फिरलं आणि चक्क वाचलं गेलं. तेव्हा पाहुण्याकडून भाषणाची प्रत आगाऊ मागवू नका. लिहून ठेवलेलं भाषण फार त्रास देतं.

बाकी किरकोळ. सांगितलेले दोनशे बटाटेवडे बंदोबस्ताच्या पोलिसांना द्या. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फाइलला फ्लेक्सचा फोटो लावा, कार्यक्रम झाला की नाही हे फोटोत दिसत नाही. शाल घडी करून कपाटात ठेवा, पुढच्या पाहुण्याला चालेल. नारळ तेवढा ठेवू नका. मागच्या वेळचा शिपायाने दोन महिन्यांनी फोडला, तर आतून पार नासलेला निघाला.