‘शाळेविना लागलेले’ शोध

पालकांच्या गटांमध्ये एक संदेश फिरतोय. ब्रेल लिपीचा लुई ब्रेल, टीव्हीचा फिलो फार्न्सवर्थ, आइसकांडीचा फ्रँक एपरसन आणि थंडीत कान झाकणाऱ्या इअरमफचा चेस्टर ग्रीनवुड यांची नावं देऊन त्यात म्हटलंय, की या चौघांनी पोरवयात, शाळेविना, कुणाच्याही मदतीविना, एका झटक्यात शोध लावले आणि जगाने त्यांना डोक्यावर घेतलं. तेव्हा मुलांना शाळेत डांबू नका!

पोरवय तेवढं खरं आहे. बाकीचं वाचून वाईट वाटतं, कारण ज्यांनी या मुलांना हात दिला ती सगळी माणसं त्यात पुसून टाकली आहेत.

‘शाळेविना’ हे तर फिलोच्या बाबतीत साफ उलटं आहे. 1922 मध्ये अमेरिकेतल्या रिग्बी गावच्या हायस्कुलात त्याने इलेक्ट्रॉनिक टीव्हीची कल्पना आकृती काढून समजावली ती रसायनशास्त्राच्या शिक्षकांना, जस्टिन टोलमन यांना. पुढे आरसीए या बलाढ्य कंपनीशी पेटंटचा वाद झाला, तेव्हा याच मास्तरांनी साक्ष दिली आणि ती आकृती आठवणीतून पुन्हा काढून दाखवली.

लुईला तर शाळेनेच घडवलं. वडिलांच्या कारखान्यात चामड्याची आरी डोळ्याला लागून लहानपणीच त्याची दृष्टी गेली. 1819 मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत आला. तिथे उठावाच्या अक्षरांची जाडजूड पुस्तकं होती. बोटाने वाचायला ती फार हळू, आणि स्वतः लिहायची तर सोयच नव्हती. 1821 च्या सुमारास शार्ल बार्बिए यांची उठावाच्या ठिपक्यांची पद्धत त्याच शाळेत आली.

म्हणजे ‘कुणाच्याही मदतीविना’ हेही गेलं. ठिपक्यांची मूळ कल्पना बार्बिए यांची. पण त्यांची पद्धत उच्चारांवर चालायची. तिच्यात शुद्धलेखन नव्हतं, विरामचिन्हं नव्हती, आणि एका चिन्हात बारापर्यंत ठिपके असल्याने ते बोटाखाली मावत नसे. अंध वाचकाला नेमकं काय अडतं हे लुईचं बोट जाणत होतं. त्याने सहा ठिपके ठेवले: त्यांच्या 63 जुळण्या होतात आणि एक चिन्ह एका स्पर्शात कळतं. हे काम अस्सल त्याचं, आणि ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही. तरी 1829 च्या आपल्या पुस्तकात त्याने बार्बिए यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. चेस्टरच्या तारेच्या कड्यांवर 1873 मध्ये फर शिवून दिलं ते त्याच्या आजीने.

‘एका झटक्यात’? ब्रेलचा आराखडा पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये तयार झाला, पण 1829 च्या पुस्तकात ठिपक्यांच्या जोडीला आडव्या रेघाही होत्या. त्या 1837 च्या आवृत्तीत गेल्या, तेव्हा लुई अठ्ठावीस वर्षांचा होता. एपरसनचं पेय 1905 मध्ये रात्रभर बाहेर राहून काडीसकट गोठलं ही त्याचीच आठवण. पेटंट 1924 चं. फिलोला टीव्हीवर पहिलं चित्र दिसलं ते 1927 मध्ये.

आणि जगाने डोक्यावर घेणं! खुद्द लुईच्या शाळेत 1840 मध्ये नवे संचालक आले आणि त्यांनी ही लिपी बाजूला सारली. मुलांनी मात्र ती आपापसात चालू ठेवली. 1844 मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात तिचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. लुई 6 जानेवारी 1852 रोजी गेला. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती 1854 मध्ये. आज मराठीही त्याच सहा ठिपक्यांत वाचली जाते.

संदेश पुढे पाठवायचाच असेल तर त्यात टोलमन मास्तर, बार्बिए, चेस्टरची आजी आणि पॅरिसच्या शाळेतली ती मुलं घाला, आणि शेवटची ओळ काढून टाका.